राज्यातल्या जंगलांवर फ्लक्स टॉवर उभारा, पण नीट उभारा : वनविभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबलप्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर
तसेच मा. सचिव, वन विभाग आणि पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : जंगल, माळरान आणि कांदळवन यांच्यातली कार्बन, पाणी व ऊर्जेची देवघेव मोजण्याची कायमस्वरूपी व्यवस्था उभारण्याबाबत

महोदय / महोदया,

राज्यातल्या जंगलांनी हवेतला कार्बन किती धरून ठेवला, याचा अंदाज आज मुख्यतः दोन गोष्टींवरून बांधला जातो. पहिली गोष्ट रोपांची संख्या. 2016 च्या जुलैत 2 कोटी, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी, असे लागवडीचे उद्दिष्ट चढत गेले. दुसरी गोष्ट डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा दर दोन वर्षांनी येणारा अहवाल. त्यात जमिनीवरचा जैवभार, मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती अशा पाच ठिकाणचा साठा धरलेला असतो. देशातल्या वनांच्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे, हेही तोच अहवाल सांगतो. आता त्यात ग्रीन क्रेडिटची, म्हणजे झाडे लावल्याबद्दल केंद्राच्या योजनेत मिळणाऱ्या गुणांची, भर पडली आहे. केंद्राने 2024 मध्ये त्यासाठी जी पद्धत ठरवली, तिच्यात हेक्टरी किमान 1100 झाडे आणि झाडामागे एक क्रेडिट असे गणित होते.

या सगळ्यातून साठा कळतो. विहिरीची पातळी वर्षातून एकदा पाहावी, पण झरे किती वाहतात आणि उपसा किती होतो हे कधी मोजूच नये, तसे हे चालले आहे. जंगल कोणत्या महिन्यात कार्बन घेते आणि कोणत्या महिन्यात सोडते, वणव्यानंतर किती दिवस तोट्यात राहते, पावसातले किती पाणी परत हवेत पाठवते, या प्रश्नांची उत्तरे रोपे मोजून किंवा झाडांचा घेर मोजून मिळत नाहीत. त्यासाठी जंगलाच्या डोक्यावर उभे राहून हवेची ये-जा मोजावी लागते. ती मोजणारे फ्लक्स टॉवर जगभर शेकडो ठिकाणी उभे आहेत. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये अशी मोजणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काझीरंगाच्या जंगलात टॉवर उभारला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने मेळघाटाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बैतुलच्या सागवानी जंगलात मोजणी केली. म्हणजे ज्ञान पुण्यात आहे आणि आपल्यासारख्याच जंगलाचा अनुभव शेजारच्या जिल्ह्यात आहे. असे टॉवर आपल्या राज्यात हवेत, हे आमचे म्हणणे. मात्र चुकीच्या जागी, अर्धवट यंत्रांनिशी उभारलेला टॉवर नसलेल्या टॉवरपेक्षा वाईट, कारण त्याचे खोटे आकडे पुढे वर्षानुवर्षे अहवालांत फिरत राहतात. म्हणून हे पत्र तपशिलात लिहीत आहोत.

आधी या मोजणीचे तत्त्व. जंगलावरून वाहणारी हवा सरळ वाहत नाही. तिच्यात लहानमोठे भोवरे असतात. एक भोवरा वरची हवा खाली आणतो, दुसरा पानांमधली हवा वर नेतो. दिवसा पानांनी कार्बन डायऑक्साइड खाल्लेला असतो, त्यामुळे वर जाणाऱ्या हवेत तो थोडा कमी आणि बाष्प व उष्णता थोडी जास्त असते. सॉनिक अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे ध्वनिलहरींनी वारा मोजणारे यंत्र, हवेची उभी गती आणि तापमान सेकंदाला 10 ते 20 वेळा टिपते. त्याच्या शेजारचा गॅस अ‍ॅनालायझर त्याच वेगाने कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प टिपतो. अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊन या दोन्हींचे चढउतार एकमेकांशी किती जुळतात हे काढले, की निव्वळ किती वायू वर गेला किंवा खाली आला ते मिळते. या पद्धतीला एडी कोव्हेरिअन्स म्हणतात. सेकंदाला 10 नोंदी धरल्या, तरी दिवसाला 8 लाख 64 हजार ओळींची नोंद, वर्षाला साधारण 20 जीबी.

पहिला टॉवर सह्याद्रीत उभारू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. सह्याद्रीच्या जंगलाचे महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे. ही पद्धत सपाट जमीन आणि एकसारखे जंगल गृहीत धरते, आणि घाटात दोन्ही नाही. सूर्यास्तानंतर उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि ओढ्याच्या वाटेने दरीत उतरते. माती आणि झाडांनी रात्रभर सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिच्याबरोबर आडवा निघून जातो. टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्राला तो दिसतच नाही. परिणामी रात्रीचे श्वसन कमी भरते आणि जंगल फार मोठे शोषक असल्याचा भास होतो. ब्राझीलमध्ये मनौसजवळच्या जंगलात 1990 च्या दशकात हेक्टरी वर्षाला सुमारे 6 टन कार्बन शोषला जातो असा आकडा आला होता. टेकड्या आणि ओहोळांतून रात्री निसटणाऱ्या हवेकडे लक्ष गेल्यावर तो आकडा टिकला नाही.

ही चूक किती महाग पडते ते पाहा. समजा, रात्रीच्या बारा तासांत दर चौरस मीटरला दर सेकंदाला फक्त 1 मायक्रोमोल (वायूचे रेणू मोजण्याचे छोटे एकक) कार्बन डायऑक्साइड आपल्या नजरेतून सुटला. वर्षभरात ही चूक चौरस मीटरमागे सुमारे 190 ग्रॅम कार्बनवर जाते. हेक्टरी 1.9 टन कार्बन, म्हणजे जवळपास 7 टन कार्बन डायऑक्साइड. उष्ण प्रदेशातल्या जंगलाचे रात्रीचे श्वसन सहज 4-5 मायक्रोमोल असते, त्यातला एक चुकणे अवघड नाही. आणि ज्या जंगलाच्या नावावर कुणी कार्बन क्रेडिट, म्हणजे शोषलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रे, विकणार असेल, तिथे हे 7 टन हेक्टरी नफा म्हणून दाखवले जातील.

म्हणून सुरुवात विदर्भात व्हावी. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात, आलापल्लीच्या बाजूला किंवा तशा सपाट भागात, सागाचे सलग पानझडी जंगल आहे. टॉवरभोवती सर्व दिशांना एकसारखे जंगल किती लागते, याचा ठोकताळा सोपा आहे. जंगलाची उंची 20 मीटर धरली, तर वाऱ्याच्या दृष्टीने जमीन साधारण दोन तृतीयांश उंचीवर, म्हणजे 13 मीटरवर असल्यासारखी वागते. यंत्रे 33 ते 35 मीटरवर बसवली, तर त्या काल्पनिक जमिनीपासून ती 20 मीटर वर आली. या उंचीच्या शंभरपट, म्हणजे चहूकडे 2 किलोमीटरपर्यंत जंगल अखंड हवे. दुपारी हवा खवळलेली असताना यंत्राला दिसणारे क्षेत्र याहून बरेच लहान असते, पण रात्रीसाठी हा पल्ला लागतोच. त्या वर्तुळात धानाची बांधी, तलाव, मोठा रस्ता किंवा ताजी तोड आली, तर वारा त्या दिशेने फिरल्यावर आकडे जंगलाचे राहत नाहीत. जागा ठरवण्याआधी कार्य आयोजनेतले (वनविभागाच्या व्यवस्थापन आराखड्यातले) जंगलाच्या तुकड्यांचे कक्ष क्रमांक नकाशावर टाकून त्या वर्तुळात पुढच्या दहा वर्षांत कुठे तोड प्रस्तावित आहे ते पाहावे. तोड थांबवाच असे आम्ही म्हणत नाही. तारीख, क्षेत्र आणि निघालेले घनमीटर लिहून ठेवले, तर तोडीनंतर जंगल किती वर्षांनी पुन्हा शोषक होते हे कळेल, आणि ते कळणे मोलाचे आहे.

टॉवर जाळीदार, त्रिकोणी, तारांनी ताणलेला असावा. भरीव खांब किंवा रुंद मचाण वाऱ्याला अडवते आणि त्याच्या मागे खोटे भोवरे तयार होतात. यंत्रे टॉवरच्या अंगाला न लावता, टॉवरच्या रुंदीच्या किमान दुप्पट लांब बूमवर, म्हणजे बाहेर काढलेल्या आडव्या दांड्यावर, बसवावीत. विदर्भात पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून असतो, म्हणून बूम वायव्येला काढला तर दोन्ही ऋतूंत वारा टॉवरमधून गाळून न येता बाजूने येतो. अ‍ॅनालायझर सॉनिकपासून 20-30 सेंटीमीटरवर, किंचित खालच्या पातळीला. त्याहून लांब गेला तर लहान भोवरे हुकतात, फार जवळ आणला तर तोच वाऱ्याला आडवा येतो.

आता पावसाळा. युरोप-अमेरिकेत चालते म्हणून उघड्या वाटेचा अ‍ॅनालायझर, म्हणजे हवा नळीत न ओढता उघड्यावरच मोजणारा, मागवण्याचा मोह होईल, कारण त्याला पंप लागत नाही आणि वीज कमी लागते. पण त्याच्या काचेवर थेंब बसला की नोंद गेली. यंत्र 15 ते 30 अंश तिरके बसवले तर थेंब ओघळतो, तरी जून ते सप्टेंबरमधल्या झडीच्या दिवसांच्या नोंदी बहुतांशी हातच्या जातात. आणि सागाचे जंगल पालवी फुटून भरते तो हाच काळ. ज्या चार महिन्यांत इतके घडते तेच वगळून वर्षाचा हिशेब लावण्याला अर्थ नाही. म्हणून छोट्या, गरम ठेवलेल्या नळीतून हवा ओढणारा बंदिस्त अ‍ॅनालायझर घ्यावा. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. नळीच्या तोंडची गाळणी बुरशी आणि परागाने भरते, ती पावसाळ्यात महिन्याला बदलावी लागते. हवा यंत्रापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ प्रवाहाच्या दरानुसार बदलतो, आणि तो चुकीचा धरला तर उभ्या वाऱ्याचा आणि वायूचा मेळच बसत नाही. पंपामुळे विजेची गरज कितीतरी वाढते. झडीत सौर पॅनेल दिवसेंदिवस काही देत नाहीत, आणि जंगलाच्या सावलीत लावलेले पॅनेल तर कधीच देत नाहीत. पॅनेल झाडांच्या वर किंवा मोकळ्या जागी, बॅटरी सात दिवस पुरेल इतकी, आणि शक्य तिथे महावितरणची लाइन, अशी तिहेरी सोय अंदाजपत्रकातच धरावी.

उघड्या वाटेचे यंत्र एकदा घेऊन ठेवले असेल, तर निदान त्याचे गणित तरी पूर्ण करा. हे यंत्र वायूची घनता मोजते. तापलेली हवा वर जाताना प्रसरण पावलेली असते, तिच्यात प्रत्येकच वायू विरळ असतो, म्हणून वर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो आणि जंगल तो शोषत आहे असे वाटते. वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांनी 1980 मध्ये यावरची दुरुस्ती मांडली. मे महिन्यातल्या दुपारी, निष्पर्ण सागवानातून दर चौरस मीटरला 300 वॅट उष्णता वर जात असेल, तर ही दुरुस्ती 13 ते 14 मायक्रोमोलची होते. पावसाळ्यात भरात असलेले जंगल जितके शोषते, त्याच तोडीचा हा आकडा. दुरुस्ती केली नाही, तर एकही पान नसलेले जंगल भर उन्हाळ्यात जोमाने कार्बन खाताना दिसेल. कोणत्याही टॉवरचे आकडे तुमच्या टेबलावर आले की आधी मे महिन्याचा आलेख मागवा.

रात्रीच्या मोजणीसाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे टॉवरच्या उंचीवर सहा ते आठ ठिकाणी हवा ओढणाऱ्या नळ्या. अर्धा मीटर, एक, तीन, आठ, चौदा, वीस आणि माथा, अशी विभागणी चालते. वारा पडला की कार्बन डायऑक्साइड जंगलाच्या आतच साचतो आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास उन्हाने हवा हलू लागली की एकदम बाहेर पडतो. हा साठा मोजला नाही तर रात्री श्वसनच झाले नाही असे दिसते आणि सकाळ विचित्र दिसते. बहुतेक ठिकाणी पैसे वाचवायला हीच नळ्यांची यंत्रणा गाळली जाते. कृपा करून ती गाळू नका. दुसरी गोष्ट म्हणजे घर्षणवेगाची, म्हणजे हवेच्या घुसळणीच्या मापाची, मर्यादा. हवेत पुरेसे घुसळण नसलेल्या रात्रीचे आकडे बाद करावे लागतात. ही मर्यादा दर जंगलाला आणि दर ऋतूला वेगळी असते, सेकंदाला 0.1 ते 0.3 मीटरच्या आसपास, आणि ती त्या जागेच्या नोंदींवरूनच काढावी लागते. रात्रीच्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा बाद होणे सर्रास घडते. रिकाम्या जागा तापमान आणि मातीच्या ओलाव्यावरून भराव्या लागतात. अहवालात किती नोंदी मोजलेल्या आणि किती भरलेल्या, हे दर महिन्याचे लिहिलेच पाहिजे.

पाणी आणि ऊर्जेचा हिशेब याच यंत्रांतून मिळतो, आणि राज्याच्या दृष्टीने तो कार्बनइतकाच महत्त्वाचा आहे. सप्टेंबरअखेर ऊन पडलेली दुपार घ्या. माती ओली, पाने भरलेली. चौरस मीटरमागे निव्वळ 600 वॅट ऊर्जा जंगलाला मिळत असेल आणि त्यातली 400 वॅट पाण्याची वाफ करण्यात जात असेल, तर तासाला 0.59 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 5,900 लिटर पाणी हवेत जाते. ती 400 वॅट ऊर्जा अप्रकट उष्म्याच्या रूपाने वाफेत जाते, म्हणून तेवढ्याने जंगलाची हवा तापत नाही. तेच जंगल एप्रिलमध्ये पाने टाकून बसले की जवळजवळ सगळी ऊर्जा हवा तापवण्यात जाते. खोऱ्यातल्या धरणाचे नियोजन करणाऱ्या जलसंपदा विभागाला हे आकडे मिळाले, तर जंगलाने वापरलेले पाणी अंदाजाने धरावे लागणार नाही.

टॉवर विश्वासाचा आहे की नाही, हे तपासण्याची उत्तम कसोटीही ऊर्जेतच आहे. आलेली निव्वळ ऊर्जा, वजा मातीत आणि झाडांच्या खोडांत गेलेली, ही वर गेलेल्या दोन्ही प्रकारच्या उष्णतेच्या बेरजेएवढी असायला हवी. जगातल्या चांगल्या टॉवरांवरही ही बेरीज साधारण 70 ते 90 टक्केच भरते. यापेक्षा कमी भरली तर कारण शोधायचे. सॉनिक कलला आहे का, विकिरणमापक (येणारी-जाणारी किरणांची ऊर्जा मोजणारे यंत्र) समपातळीत आहे का, त्याच्या घुमटावर धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा आहे का, नळीतला उशीर नीट धरला आहे का. मातीत जाणारी उष्णता मोजणाऱ्या चकत्या 8 सेंटीमीटर खोल, किमान चार जागी पुरायच्या, आणि त्यांच्या वरच्या थरातले तापमान व ओलावा वेगळा मोजायचा. त्यांच्या वायरी जाड पाइपातून न्या, नाहीतर साळिंदर आणि रानडुकरे त्या उकरतात आणि उरलेले काम वाळवी करते. माथ्यावरच्या वायरी वानर चावतात. आणि उंच टॉवरवर आग्या मोहोळ बसणारच, हे धरून चाला. पोळे असताना कुणालाही वर चढवू नये. बूम सरकवून आत ओढता येईल आणि माथ्यावरचा कॅमेरा खालून पाहता येईल अशी रचना केली, तर महिनोन्महिने यंत्राकडे न जाता अडून राहावे लागत नाही. पोळे हलवायचेच असेल तर ते जाळू नका. गावातल्या मध काढणाऱ्या जाणत्यांना बोलवा.

एक गोष्ट खास आपल्या जंगलांची. वळवाची पहिली सर पडली की कोरडी माती अचानक जागी होते. उन्हाळाभर साचलेले सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीव भराभर खाऊ लागतात आणि काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा उठतो. सागाला अजून पान नाही, म्हणजे घेणारे कुणी नाही. काही दिवस जंगल सरळ तोट्यात असते. महिन्याची सरासरी काढणाऱ्या कोणत्याही पद्धतीत हा लोंढा दिसत नाही. मार्च-एप्रिलच्या वणव्यांचेही तसेच. मोहफुले वेचायला बुंध्याखालचा पाला जाळतात, त्यातून पसरलेल्या आगीने जमिनीचा पाचोळा जातो, पण उभ्या झाडांचा घेर बदलत नाही, म्हणून साठ्याच्या अहवालात तो तोटा उमटायला वर्षे लागतात. टॉवरला तो त्याच दिवशी दिसतो. जाळरेषांवर (आग पसरू नये म्हणून आधीच साफ केलेल्या पट्ट्यांवर) होणारा खर्च कार्बनच्या भाषेत किती फळला, हे दाखवण्याचा याहून थेट मार्ग नाही.

जंगलाबाबत ठाम समजुती बाळगू नयेत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. अमेझॉनच्या जंगलात पावसाळ्यात शोषण जास्त आणि कोरड्या ऋतूत कमी, असे संगणकी प्रारूपे सांगत होती. ब्राझीलमधल्या सांतारें शहराजवळच्या तापाजोस जंगलातल्या टॉवरांनी 2003 मध्ये उलटे चित्र दाखवले. तिथे खोल मुळांना कोरड्या ऋतूतही पाणी मिळते, ऊन भरपूर असते, आणि ओल्या ऋतूत कुजण्याचा वेग वाढतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ढगांनी ऊन अडते. तेव्हा जंगलाचे खरे कमाईचे महिने सप्टेंबर-ऑक्टोबर असण्याचा संभव मोठा आहे, आणि पाऊस लवकर परतला तर नेमके तेच महिने बुडतात.

आता माळरानांबद्दल, आणि इथे आम्ही आग्रहाने लिहीत आहोत. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरची गवती कुरणे सरकारी नोंदीत पडीक म्हणून पडलेली असतात आणि पर्यायी वनीकरणाला (तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात करायच्या लागवडीला) जागा हवी की पहिले बोट त्यांच्यावर जाते. तिथे खड्डे पडतात, गिरिपुष्प लागते, आणि हेक्टरी झाडांचा आकडा कार्बनच्या खात्यात जमा होतो. पण गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, खड्डे खणताना तोच उघडा पडतो. पाण्याचे गणित तर साधे आहे. गवत डिसेंबरपर्यंत वाळते आणि पाणी उडवणे थांबवते. खोल मुळांच्या रोपवनाने फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांत वाळल्या गवतापेक्षा रोज फक्त 1 मिलिमीटर जास्त पाणी उडवले, तरी ते हेक्टरी 12 लाख लिटर होते. जिथे वर्षाचा पाऊसच 600 मिलिमीटरच्या आसपास, तिथे हा पाचवा हिस्सा झाला. शिवाय वाळले गवत झाडांच्या पानांपेक्षा जास्त ऊन परावर्तित करते. परावर्तनात दहा टक्क्यांचा फरक धरला तर 800 वॅटच्या दुपारी चौरस मीटरमागे 80 वॅट जास्त ऊर्जा जमिनीवर राहते. माळढोक, लांडगे आणि मेंढपाळ यांच्या दृष्टीने काय बिघडते ते इतरांनी अनेकदा सांगितले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की कार्बनच्या नावाने हे केले जात असेल तर कार्बन आधी मोजा.

ती मोजणी जंगलापेक्षा खूप स्वस्त आहे. कुरणावर 3 मीटरचा खांब पुरतो आणि चहूकडे 300 मीटर एकसारखे गवत लागते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात किंवा इंदापूरजवळ कडबनवाडीसारख्या ठिकाणी एक खांब कुरणात, दुसरा जवळच्याच तशाच मातीवरच्या रोपवनात, एकाच बनावटीची यंत्रे, किमान तीन पावसाळे. एक पावसाळा चालणार नाही, कारण दुष्काळी वर्ष आणि भरपूर पावसाचे वर्ष यांत त्याच कुरणाचे उत्तर उलटे येऊ शकते. ही जोडमोजणी होईपर्यंत गवती कुरणांवर नवे वनीकरण मंजूर करू नये, अशी आमची मागणी आहे. चराईची नोंद मात्र ठेवा: कोणत्या आठवड्यात किती मेंढ्या होत्या, गवत कधी कापले. कापून नेलेले गवत हा बाहेर गेलेला कार्बन आहे आणि तो टॉवरला दिसत नाही.

कांदळवनांबद्दल थोडक्यात. 2012 पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, तेव्हा तिथे प्रशासकीय अडचण कमी. पण भरती-ओहोटीबरोबर विरघळलेला कार्बन खाडीत जातो, तो पाण्याचे नमुने घेऊनच मोजावा लागतो. खारी हवा काचेवर मीठ बसवते आणि जोड गंजवते, म्हणून साफसफाई आठवड्याची. हा टप्पा विदर्भ आणि सोलापूरचा अनुभव गाठीशी आल्यावरच घ्यावा.

गडचिरोलीतली पुष्कळशी जंगले आज सामूहिक वनहक्काखाली ग्रामसभांकडे आहेत. 2009 मध्ये मेंढा (लेखा) या गावापासून ती सुरुवात झाली. तिथे टॉवर उभारायचा तर ग्रामसभेचा ठराव आधी हवा, टॉवर नंतर. ठरावात स्पष्ट लिहावे की या आकड्यांच्या आधारे कुणी क्रेडिटचा व्यवहार केला तर तो ग्रामसभेच्या संमतीशिवाय होणार नाही, आणि दरवर्षीचा हिशेब गावात मराठी-गोंडीत मांडला जाईल. गावातल्या दोघा-तिघांना पगारी देखभालीचे काम द्यावे. गाळण्या बदलणे, पाला गोळा करण्याच्या जाळ्या दर पंधरवड्याला रिकाम्या करून वाळवून वजन करणे, खोडांवरचे वाढमोजणीचे पट्टे वाचणे, ही कामे शिकायला अवघड नाहीत. टॉवरच्या वर्तुळातल्या कायम नमुना प्लॉटमध्ये 1.37 मीटर उंचीवरचा घेर दरवर्षी त्याच महिन्यात मोजला, तर टॉवरचा आकडा आणि झाडांची प्रत्यक्ष वाढ यांची गाठ घालता येते. दोन्ही स्वतंत्र मोजण्या जवळपास आल्या, तरच आकडा जाहीर करावा.

खर्चाचा आराखडा करताना टॉवर आणि यंत्रे एकाच वर्षात घेऊन मोकळे होऊ नका. असे प्रकल्प बंद पडतात ते माणसांअभावी. दर टॉवरला एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि विदा (डेटा) तपासणारा एक माणूस, दहा वर्षांच्या मंजूर पदांवर हवेत. तीन वर्षांच्या कंत्राटी प्रकल्पात माणूस तयार होतो त्याच महिन्यात निघून जातो. शून्य तपासायला नायट्रोजन आणि ज्ञात प्रमाणाचा कार्बन डायऑक्साइड असलेले सिलिंडर, दर दोन-तीन महिन्यांनी कॅलिब्रेशन, एक पूर्ण अ‍ॅनालायझर राखीव. नाहीतर दुरुस्तीला परदेशी गेलेले यंत्र परत येईपर्यंत एक अख्खा पावसाळा जातो. सेकंदाला दहा वेळा टिपलेली मूळ नोंद कधीही पुसू नये. अर्ध्या तासाचे तयार आकडे उद्या नव्या दुरुस्त्यांनी पुन्हा काढावे लागतील, तेव्हा मूळ नोंदच लागेल. तिची एक प्रत जागेवर, एक नागपूरला, एक पुण्याला असावी. तपासलेली विदा एका वर्षाच्या आत सर्वांना खुली करावी, फक्त मोठ्या संस्थांना नव्हे, तर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाही.

वेळापत्रकाबद्दल शेवटचे. वळवाच्या पहिल्या सरीआधी यंत्रे चालू असली, तरच पहिले वर्ष पूर्ण धरता येते, आणि मे महिन्यातल्या विजांच्या वादळांआधी टॉवरचे अर्थिंग आणि वीजरोधक तपासून झालेला असायला हवा. पाया घालायला कोरडी जमीन लागते आणि अवजड सामान कच्च्या रस्त्याने डिसेंबर ते मार्च एवढ्याच काळात आत जाते. यंत्रांची आयात आणि तपासणी यांना कित्येक महिने जातात. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मोजणी हवी असेल, तर जागेची पाहणी आणि ग्रामसभेशी बोलणी या पावसाळ्यातच सुरू व्हावी लागतील आणि यंत्रांची मागणी दिवाळीपूर्वी जायला हवी. जागानिवडीसाठी, निविदेतल्या तांत्रिक अटी लिहिण्यासाठी आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही मोबदल्याविना वेळ द्यायला तयार आहोत.

आपले,
जंगल आणि वातावरण यांच्यातली देवघेव मोजणारे काही अभ्यासक